सेटवरची बंदूक तपासायची कुणी, आणि जबाबदार कोण?

कॅमेरामागे

मी मालिका आणि जाहिरातींच्या सेटवर कॅमेरा विभागात काम करतो. पडद्यावर कुणी तुमच्याकडे पिस्तूल रोखतं, तेव्हा चित्रीकरणात त्या नळीसमोर आम्ही असतो. ऑपरेटर, फोकस बघणारा, सिनेमॅटोग्राफर आणि बरेचदा मॉनिटर सोडून पुढे आलेला दिग्दर्शक. म्हणून ‘रस्ट’ या अमेरिकन चित्रपटाच्या सेटवरचा मृत्यू माझ्या डोक्यातून जात नाही. त्यावर आपल्याकडे जी चर्चा झाली ती जवळपास सगळी अ‍ॅलेक बाल्डविन या नटाच्या एका नावाभोवती फिरली, याचं वाईट वाटतं.

ज्यांनी फक्त मथळे वाचलेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. तारीख २१ ऑक्टोबर २०२१. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सांता फेजवळ बोनान्झा क्रीक रँच आहे, तिथे वेस्टर्न चित्रपटांचं चित्रीकरण नेहमी चालतं. जेवणाच्या सुट्टीनंतर चर्चच्या सेटवर तालीम सुरू होती. कॅमेरा चालू नव्हता. बाल्डविनने बसल्या जागी रिव्हॉल्व्हर उपसून कॅमेऱ्याच्या दिशेने आणायचं, एवढीच हालचाल बसवत होते. बंदूक ‘कोल्ड’ आहे, म्हणजे आत उडणारं काही नाही, असं जाहीर झालेलं होतं. तरी गोळी सुटली. ती सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्सच्या अंगातून आरपार जाऊन दिग्दर्शक जोएल सूझाच्या खांद्यात शिरली. हॅलिनाला हेलिकॉप्टरने अल्बुकर्कीच्या हॉस्पिटलात नेलं, पण ती वाचली नाही. ती ४२ वर्षांची होती. जन्म युक्रेनचा, बालपण आर्क्टिकमधल्या सोव्हिएत लष्करी तळावर गेलेलं, आणि लॉस एंजेलिसला येऊन कॅमेऱ्याचं शिक्षण घेतलेलं.

आता त्याच्या आधीचे दिवस बघा. १६ ऑक्टोबरला त्याच सेटवर बंदुका नको तेव्हा उडाल्या होत्या. एकीतून बाल्डविनच्या डबलच्या (त्याच्या जागी स्टंट करणाऱ्याच्या) हातून दोनदा बार झाला. ते ब्लँक, म्हणजे गोळी नसलेले बार होते म्हणून निभावलं. त्याची नीट चौकशी झाली नाही आणि काम पुढे चालू राहिलं. २१ तारखेच्या सकाळी कॅमेरा टीममधली बरीच माणसं राहण्याची सोय, लांबलेले तास आणि सुरक्षेच्या तक्रारी सांगून काम सोडून गेली. म्हणजे हॅलिना त्या दुपारी अपुऱ्या टीमनिशी उभी होती.

शस्त्रं सांभाळणारी आर्मरर हॅना गुटिएरेझ-रीड २४ वर्षांची होती. तिच्याकडे दोन कामं होती, शस्त्रं आणि प्रॉपर्टी, म्हणजे दृश्यात लागणारं सामान. करारात आर्मरर म्हणून तिचे मोजके दिवस धरलेले. शस्त्रांवर जास्त वेळ घालवतेस, प्रॉपर्टीकडे लक्ष दे, असं निर्मितीकडून तिला लेखी कळवलं गेलं होतं.

हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय. चाप कुणाच्या बोटाखाली होता हा प्रश्न कोर्टापुरता ठीक आहे. आपल्यासारख्या सेटवर राबणाऱ्यांनी विचारायचा प्रश्न हा, की शस्त्र सांभाळणाऱ्या माणसाचा वेळ आणि ‘थांबा’ म्हणायचा त्याचा अधिकार कापला कुणी? ज्याने कापला तो जबाबदार. तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी खरी शस्त्रं हाताळली आहेत त्यांनी लिहावं.

पारवा

चांगला धागा. एक अगदी मूलभूत शंका. सिनेमात खरी बंदूक लागतेच कशाला? आणि डमी, ब्लँक यांतला फरक मला कधीच नीट कळलेला नाही. बातम्यांमध्ये सगळ्याला ‘नकली गोळ्या’ म्हणतात.

सुभेदार_सातारा

पारवा, शंका बरोबर आहे आणि ती विचारायला कुणी लाजू नये. मी पायदळातून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं रिक्रूट पोरांना रेंजवर गोळीबार शिकवण्यात गेली. सिनेमाचं मला कळत नाही, काडतुसाचं कळतं.

खऱ्या काडतुसाचे चार भाग. पितळी केस, बुडाला प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी शिशाची गोळी. घोडा प्रायमरवर आपटला की ठिणगी पडते, दारू पेटते, गॅस गोळीला नळीतून ढकलतो.

ब्लँकमध्ये गोळी नसते, बाकी सगळं असतं. तोंड चिमटून किंवा बोळा घालून बंद केलेलं. त्यातून आवाज येतो, जाळ येतो. आणि तो जाळ, तो बोळा जवळून माणूस मारू शकतो. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम नावाचा तरुण अमेरिकन नट मालिकेच्या सेटवर दोन शॉटच्या मधल्या वेळात कंटाळून बसला होता. .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर ब्लँक भरलेलं. त्याने ते गमतीत कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हतीच, पण दाबाने कवटीचा तुकडा आत घुसला. सहा दिवसांनी तो गेला. वय २६.

डमीमध्ये उलट. गोळी असते, पण दारू नसते आणि प्रायमर जिवंत नसतो. ती लागते कशाला? रिव्हॉल्व्हर समोरून दाखवलं की चक्रातल्या कप्प्यांमध्ये गोळ्यांची टोकं दिसतात. रिकामे कप्पे पडद्यावर लगेच ओळखू येतात, म्हणून डमी भरतात. आता डमी आणि खरं काडतूस बाहेरून सारखंच दिसणार, कारण तोच तिचा उपयोग. म्हणून चांगल्या डमीच्या पोटात छर्रा घालतात. कानाजवळ धरून हलवली की खुळखुळ वाजते. काहींच्या केसला बाजूने भोक पाडलेलं असतं. वाजली नाही आणि भोकही नाही, तर ती खरी समजायची आणि बाजूला ठेवायची. एक एक काडतूस हातात घेऊन हलवायला किती वेळ लागतो? रिव्हॉल्व्हरमध्ये सहा असतात. अर्धं मिनिट.

त्या ‘रस्ट’च्या फर्स्ट एडीने, म्हणजे पहिल्या सहायक दिग्दर्शकाने, पोलिसांना सांगितलं होतं की त्याला तीनच काडतुसं बघितल्याचं आठवतं, सगळी बघायला हवी होती. हे वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आमच्याकडे रेंजवरून पोरगा परतताना ‘जाँच शस्त्र’ होतं. बोल्ट मागे, चेंबर उघडं, आणि उस्ताद स्वतःच्या डोळ्यांनी आत बघतो. पोराने तोंडाने सांगितलेलं चालत नाही. सुभेदाराने सांगितलेलंही चालत नाही.

आणखी एक प्रकरण सांगतो, कारण त्यात डमी, ब्लँक आणि नळी तिन्ही आहेत. ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली. ३१ मार्च १९९३, नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन, चित्रपट ‘द क्रो’. क्लोजअपसाठी डमी हवी होती. ती विकत आणण्याऐवजी सेटवरच्या लोकांनी खऱ्या काडतुसांतून गोळी उपसली, दारू ओतून दिली आणि गोळी परत बसवली. प्रायमर तसाच जिवंत ठेवला. पुढे कधीतरी त्यावर चाप ओढला गेला. नुसत्या प्रायमरचा जोर गोळी बाहेर टाकण्याइतका नसतो, ती नळीत अडकून बसली. नंतर तेच रिव्हॉल्व्हर दुसऱ्या दृश्यासाठी ब्लँक भरून दिलं. नळीत कुणी बघितलं नाही. ब्लँकच्या दाबाने आत अडकलेली गोळी खऱ्यासारखी सुटली आणि पोटात लागली. पोरगा २८ वर्षांचा होता.

नळीत एक सळई घालून बघितली असती तर ती अडली असती. त्या दिवशी शस्त्रांचा जाणकार माणूस आधीच घरी पाठवलेला होता. कॅमेरामागे, तुमचा मुद्दा मला इथेच पटतो.

पारवा

काका, इतकं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

रंगपीठ

मी हौशी आणि प्रायोगिक नाटकांची बॅकस्टेज सांभाळते. आमच्याकडे खरं शस्त्र कधीच नसतं. पिस्तूल फायबरचं किंवा लाकडाचं, आणि बार साउंडवाला वाजवतो. तरीही काही शिस्त आम्ही पाळतो आणि ती नव्या मुलांना पहिल्याच तालमीत सांगते.

पिस्तूल प्रॉपर्टीच्या टेबलावर इतर सामानात ठेवायचं नाही. ते माझ्याकडच्या पेटीत. एंट्रीच्या आधी विंगेत मी नटाच्या हातात देते, एक्झिट झाली की त्याच विंगेत परत घेते. मधे कुणाच्या हातात नाही, सेल्फीसाठी नाही, ‘बघू जरा’ म्हणून नाही. नाटक संपल्यावर पडदा पडला की आधी पिस्तूल, मग हारतुरे. एका एकांकिका स्पर्धेत दुसऱ्या संघाने दिवाळीच्या टिकल्यांचं धातूचं पिस्तूल आणलं होतं. विंगेत एका मुलाने ते मैत्रिणीच्या कानाजवळ वाजवलं. तिला दोन दिवस त्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं. टिकली ती, पण कानापासून वीतभर अंतरावर.

मी हे लिहिते आहे कारण ‘आमच्याकडे खोटं असतं, आम्हाला काय करायचंय’ हे वाक्य मी फार वेळा ऐकते. सवय खोट्यावर लागते. उद्या तोच मुलगा वेबसिरीजच्या सेटवर जातो आणि त्याच्या हातात धातूचं, वजनदार, चाप हलणारं काहीतरी येतं. तेव्हा त्याला ‘हे आत्ता कुणी दिलं, कुठून आलं’ असं विचारावंसं वाटेल का, हे माझ्या विंगेत ठरतं.

मुक्ता_लिहिते

मला थोडं वेगळं म्हणायचंय. व्यवस्था, निर्माता, वेळ कापणं हे सगळं मान्य. पण हातात बंदूक असलेल्या माणसाला आपण इतक्या सहज सोडून द्यायचं का? जॉर्ज क्लूनीने या घटनेनंतर एका मुलाखतीत सांगितलं होतं की सेटवर बंदूक हातात आली की तो प्रत्येक वेळी उघडून बघतो, ज्याच्यावर रोखायची त्याला दाखवतो आणि क्रूलाही दाखवतो. म्हणजे हे करता येतं. आणि बाल्डविन नुसता नट नव्हता, त्या चित्रपटाचा एक निर्माताही होता. कॅमेरामागे, तुमच्याच निकषाने बघितलं तरी तो दोनदा जबाबदार ठरतो.

शिवाय तो सांगत राहिला की मी चाप ओढलाच नाही, फक्त घोडा मागे घेऊन सोडला. एफबीआयच्या प्रयोगशाळेत ते रिव्हॉल्व्हर चाप न ओढता उडेना. घोड्यावर बाहेरून ठोकत गेले आणि आतले भाग तुटले, तेव्हाच उडालं.

कॅमेरामागे

मुक्ताताई, क्लूनीचं उदाहरण मला आवडतं, पण त्याचा नियम करायला मी बिचकतो. नटांची संघटना सॅग-आफ्ट्राने २०२३ मध्ये भूमिका घेतली की शस्त्रांचा तज्ज्ञ असणं हे नटाचं काम नाही. त्यामागे व्यवहार आहे. नटाने चक्र उघडलं, काडतुसं काढली, परत घातली, की आर्मररने तपासून दिलेलं शस्त्र पुन्हा न तपासलेलं झालं. मला हवंय ते असं: आर्मररने नटासमोर उघडून दाखवायचं, नटाने बघायचं, आणि ज्याच्या दिशेने शस्त्र जाणार त्या प्रत्येकाला बघायचा हक्क असायचा. मलाही. मी फोकस बघत बसलो असलो तरी ‘एकदा दाखवा’ म्हणायचा मला हक्क हवा. आज आमच्याकडे असं म्हणणारा असिस्टंट पुढच्या शेड्यूलला बोलावला जाईल याची खात्री नाही.

निर्माता म्हणून त्याची जबाबदारी, हा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. तो माझ्या पोस्टमध्ये ठळक यायला हवा होता.

सांदियाचे_डोंगर

मी अल्बुकर्कीला राहते, त्यामुळे इथलं थोडं. सांता फे आमच्याकडून तासाभराच्या रस्त्यावर. ‘रस्ट’च्या कॅमेरा टीमची एक तक्रार हीच होती की जवळ हॉटेल न देता त्यांना रोज अल्बुकर्कीपर्यंत गाडी चालवत जायला सांगितलं गेलं. बारा-तेरा तास उभं राहून काम, मग अंधारात हायवेवर तासभर, आणि पहाटे परत. ज्यांनी हा रस्ता चालवलाय त्यांना कळेल.

इथे चित्रपट आणि मालिकांवर पोट असलेली खूप माणसं आहेत. सुतार, इलेक्ट्रिशियन, मेकअपवाले, गाडीवाले. माझ्या शेजारणीचा मुलगा ग्रिप म्हणून, म्हणजे कॅमेऱ्याचे रूळ-स्टँड लावण्याचं, काम करतो. घटनेनंतर दोन दिवसांनी अल्बुकर्कीच्या सिव्हिक प्लाझात मेणबत्त्या लावून लोक जमले, तिथे आम्हीही गेलो. बहुतेक जण क्रूमधले. हॅलिनाला ओळखणारे मोजके होते. बाकीचे आले कारण त्या जागी आपण असू शकलो असतो हे त्यांना माहीत होतं. बोलताना लोक शस्त्रांपेक्षा झोपेबद्दल जास्त बोलत होते. थकलेल्या माणसाकडून तपासणी नीट होत नाही, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं.

राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागाने एप्रिल २०२२ मध्ये निर्मिती कंपनीला १,३६,७९३ डॉलर दंड ठोठावला. कायद्यात बसणारा सर्वाधिक दंड तेवढाच होता. अहवालात स्पष्ट म्हटलंय की आधीचे बार व्यवस्थापनाला माहीत होते आणि तरी काही केलं गेलं नाही. पुढच्या वर्षी तडजोडीत तो एक लाख डॉलरवर आला. चित्रपटाचं बजेट सत्तर लाख डॉलरच्या आसपास होतं. तुम्हीच हिशोब करा.

कलम_आणि_कायदा

मी वकील आहे, फौजदारी बाजू बघतो. ‘कोण जबाबदार’ याचं कोर्टांनी काय उत्तर दिलं ते एकत्र मांडतो, कारण वरच्या चर्चेत तुकडे झालेत.

फर्स्ट एडी डेव्हिड हॉल्सने शस्त्राच्या निष्काळजी वापराचा आरोप न लढता स्वीकारला. २०२३ मध्ये त्याला सहा महिन्यांचं प्रोबेशन झालं, तुरुंगवास नाही. आर्मरर गुटिएरेझ-रीडला ज्युरीने ६ मार्च २०२४ रोजी सदोष मनुष्यवधात दोषी ठरवलं आणि एप्रिलमध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली, त्या गुन्ह्याला तिथे असलेली कमाल. पुरावा नष्ट केल्याच्या आरोपातून ती सुटली. बाल्डविनचा खटला जुलै २०२४ मध्ये सुरू झाला आणि १२ जुलैला न्यायाधीशांनी तो कायमचा रद्द केला. कारण काडतुसांसंबंधीचा एक पुरावा पोलिसांकडे जमा झालेला असताना बचाव पक्षाला दाखवलाच नव्हता. म्हणजे बाल्डविन दोषी की निर्दोष, हे ज्युरीने ठरवलेलंच नाही. ‘तो सुटला म्हणजे त्याची चूक नव्हती’ आणि ‘पैशाच्या जोरावर सुटला’, दोन्ही वाक्यं मी सारखीच ऐकतो. दोन्ही चुकीची आहेत. सरकारी पक्षाने पुरावा दडवला, त्याची शिक्षा खटल्याला झाली.

शिडीवरून खाली बघा. तुरुंगात गेली ती सगळ्यात तरुण, निर्णय घेणाऱ्यांच्या उतरंडीत बरीच खालची मुलगी. तिचा दोष होता, याबद्दल मला शंका नाही. त्या सेटवर अर्धा डझन जिवंत काडतुसं निघाली आणि ती ओळखून वेगळी करणं हेच तिचं काम होतं. पण तिचे दिवस मोजल्याबद्दल कुणीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही.

हे अपरिहार्य नाही, म्हणून एक उलट उदाहरण. २० फेब्रुवारी २०१४ रोजी जॉर्जिया राज्यात एका चित्रपटाचं युनिट परवानगी नसताना रेल्वेपुलावर चित्रीकरण करत होतं. मालगाडी आली आणि सेरा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा असिस्टंट गेली. तिथे दिग्दर्शक रँडल मिलरने गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. कॅमेरामागे, ती तुमच्याच विभागातली होती.

आपल्याकडे काय? निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू होतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. मृत्यू झाला नाही तरी जिवाला धोका निर्माण केल्याबद्दल कलम १२५ आहे. आणि खरं शस्त्र असेल तर १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम. परवाना एका माणसाच्या नावावर असतो. तो माणूस आपलं रिव्हॉल्व्हर नटाच्या हातात ‘जरा दृश्यापुरतं’ देऊ शकत नाही.

मुक्ता_लिहिते

धन्यवाद. बाल्डविनच्या खटल्याबद्दल माझाही समज चुकीचा होता. त्याच्यावरचा माझा राग मात्र कमी होत नाही, तो निर्माता होता म्हणून.

थर

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे संगणकावर दृश्यपरिणाम घालण्याच्या कामात आहे, म्हणून पारवाच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. खरी बंदूक लागतेच कशाला? बहुतेक वेळा लागत नाही. नळीच्या तोंडाशी उमटणारा जाळ, उडणारी पितळी केस, धूर, समोरच्या भिंतीवर पडणारा पिवळा उजेड, हे सगळं आम्ही नंतर घालतो. ‘रस्ट’नंतर ‘द रुकी’ या अमेरिकन मालिकेने लगेच ब्लँक बंद केले आणि एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकचे छर्रे उडवणाऱ्या) बंदुका घेतल्या. ड्वेन जॉन्सनने जाहीर केलं की त्याच्या कंपनीच्या चित्रपटांत रबरी बंदुका वापरणार.

तरीही काही दिग्दर्शकांना ब्लँक हवेच असतात, आणि त्यांचं कारण पोकळ नाही. खरा बार झाला की नटाचे डोळे मिटतात, खांदा मागे जातो, मागे उभ्या ज्युनिअर आर्टिस्टचं अंग शहारतं. संगणकावर जाळ घालता येतो, हे दचकणं घालता येत नाही. पण त्यावर साधे उपाय आहेत. धक्का देणारी गॅसची बंदूक आहे. सेटवर मोठ्या आवाजाचा क्लॅप किंवा स्पीकर लावता येतो. एका निर्मात्याने मला विचारलं होतं, एका शॉटमागे जाळ घालायला किती पैसे? आकडा ऐकून तो म्हणाला, महाग आहे. मी त्याला त्याच शॉटच्या आर्मररचा, विम्याचा आणि परवानग्यांचा खर्च काढायला सांगितलं. त्याने काढला आणि परत आला.

सुभेदार_सातारा

हॉलिवूडच्या संघटना आणि स्टुडिओ मिळून सुरक्षेच्या पत्रिका काढतात. त्यातली पहिलीच शस्त्रांवर आहे. कुणीतरी मला छापून दिली होती. ब्लँक जीव घेऊ शकतात, प्रत्येक शस्त्र भरलेलंच समजा, आणि जिवंत काडतूस स्टुडिओच्या आवारात आणायचंच नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. पत्रिका ‘रस्ट’च्या कितीतरी आधीची. नियम नव्हता असं कुणी म्हणू नये.

पहिला_टेक

नमस्कार, मी कॉलेजात आहे, पुण्यात. आम्ही मित्र मिळून शॉर्टफिल्म करतोय, त्यात एक दृश्य आहे: भाऊ भावावर रिव्हॉल्व्हर रोखतो, शेवटी गोळी चालत नाही. एका मित्राच्या काकांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. ते स्वतः रिकामं करून देतो म्हणाले, आणि शूटला हजरही राहणार होते. दृश्य गल्लीत संध्याकाळी करायचं ठरलंय. हा धागा वाचून पोटात गोळा आलाय. काय करू?

सुभेदार_सातारा

बाळा, ते रिव्हॉल्व्हर नको. काका कितीही जबाबदार असले तरी नको. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत गोविंदाच्या घरी त्याचंच परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना खाली पडलं, गोळी सुटली आणि पायात लागली. स्वतःचं शस्त्र, स्वतःचं घर, कॅमेरा नाही, घाई नाही. तुझ्या गल्लीत दिवे लावायची गडबड असेल, अंधार पडत असेल, आणि नट दृश्याच्या भरात असेल.

तुझ्या दृश्यात गोळी चालतच नाही. मग उडणारं शस्त्र कशाला हवंय?

कलम_आणि_कायदा

शिवाय काकांचा परवाना जाईल तो वेगळा. त्यांनाही हे सांग, त्यांच्या भल्यासाठी.

गल्लीतल्या शूटबद्दल: स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी कळव. ठिकाण, वेळ, कुणाच्या हातात खोटं शस्त्र असेल, सगळं. २०१९ मध्ये वसईत दहशतवाद्यांच्या वेशातले दोन ज्युनिअर आर्टिस्ट रस्त्यावर दिसले, कुणीतरी पोलिसांना कळवलं आणि दोघांना ताब्यात घेतलं गेलं. त्यांच्या अंगावर नुसते कपडे आणि खोटं सामान होतं. लोक घाबरले, पोलीस धावले. तुझ्या गल्लीत कुणी गॅलरीतून बघणारच आहे.

रंगपीठ

फायबरचं रिव्हॉल्व्हर नाटकाची प्रॉपर्टी भाड्याने देणाऱ्यांकडे मिळेल. वजन कमी वाटलं तर मुठीत शिसं भरून घेता येतं, ते लोक करून देतात. नटाला सांग, तालमीपासून तेच वापर आणि ते जड आहे असं धर. आणि पेटी कुणाकडे, हे एका मुलीचं किंवा मुलाचं एकट्याचं काम ठेव. त्या दिवशी त्याला दुसरं काही सांगू नकोस. चहा आणायलासुद्धा नाही.

पहिला_टेक

काकांना नको म्हणून कळवलं. ते थोडे नाराज झाले, मग कायद्याचं सांगितल्यावर गप्प झाले. फायबरचं बघायला उद्या जातोय. पोलीस ठाण्याचं पत्र लिहून झालंय. पेटी माझी बहीण सांभाळणार आहे, ती नट नाही आणि क्रूमध्येही नाही, त्यामुळे तिला दुसरं काम नाही. नळी कॅमेऱ्याच्या सरळ दिशेने लागते का? दिग्दर्शक मित्राला तसा क्लोजअप हवाय.

कॅमेरामागे

नट लेन्सच्या थोडं बाजूला रोखेल असा ठेव. लांब लेन्स लाव, पडद्यावर नळी सरळ प्रेक्षकाकडेच दिसते. अगदी सरळच हवी असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर लॉक करा, मॉनिटर बाजूला न्या आणि लेन्समागे कुणी बसू नका. शस्त्र फायबरचं असलं तरी असंच करा.

आणि कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या पत्रकावर, तुझ्या बहिणीचं नाव घाल, दिग्दर्शकाच्या नावाखालोखाल. समोर लिही की ती थांबा म्हणाली की शूट थांबेल. शूटच्या आदल्या दिवशी सगळ्यांना ते मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे ऐनवेळी तिला कुणाशी वाद घालावा लागणार नाही.